गावपळणीला इंग्रजीत काय म्हणतात

लेकीचा फोन नेमका मी नवऱ्याला कुशीवर वळवत असतानाच येतो. हे काम अर्ध्यावर टाकता येत नाही. एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि मग दम धरून एकदम ओढायचं. मधेच सोडलं तर तो पुन्हा पाठीवर, आणि पाठीला जखमा होतात त्या वेगळ्याच. त्या दिवशीही फोन वाजत राहिला आणि मी मनात म्हटलं, वाज मेल्या, किती वाजतोस तो.

मग मीच उलट फोन केला. बाईसाहेब अगदी उत्साहात. ‘आई, गावपळण लागली ना यंदा? मी त्यावर लिहिणारेय, इंग्रजीत. पण शब्दच मिळत नाहीये. तू एवढी वर्षं इंग्रजी शिकवलंस, सांग ना, गावपळणीला इंग्रजीत काय म्हणशील?’

‘तू येत्येस का पळणीला?’

‘बघते,’ ती म्हणाली.

बघते म्हणजे नाही, हे मला ती शाळेत होती तेव्हापासून ठाऊक आहे. आमची लेक लॅपटॉपवर काम करते आणि दोन-चार महिन्यांनी गाव बदलते. कधी डोंगरात, कधी दुसऱ्याच कुठल्या समुद्राकाठी. स्वतःच्या घरासमोर समुद्र असताना ही दुसऱ्यांच्या समुद्राचं भाडं भरते. इंटरनेटवर तिचं पान आहे, त्यावर फोटोखाली ‘नोमॅड’ असं लिहिलंय. मी वर्गात नोमॅड हा शब्द मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या लोकांसाठी शिकवला होता. हिच्याकडे एक मेंढरू नाही.

गावपळण ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्या बाजूच्या काही गावांत दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सगळा गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जाऊन राहतो. सगळा म्हणजे सगळा. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री. तीन दिवस, तीन रात्री कोणी गावात पाऊल ठेवायचं नाही. शीव ओलांडली की झावळ्यांच्या राहुट्या बांधायच्या, तिथेच चूल, तिथेच भजन, तिथेच अंथरूण. का, तर तेवढे दिवस देव आणि त्याचा परिवार गावात मोकळा फिरतो, त्याच्या वाटेत माणसाने येऊ नये. देवाला हिंडायचं असतं म्हणून आम्ही उठायचं. मग पुन्हा कौल घेतात, देवाने हो म्हटलं की गाव परत भरतो.

लोकांना पळणीची फार हौस. मुंबईची माणसं रजा टाकून येतात. मला मात्र यंदा पळण नकोच होती. एक बाजू लुळी पडलेला, भरभक्कम वजनाचा माणूस मी कसा नेणार होते शिवेबाहेर?

नवरा बोटीवर होता. मालवाहू बोटी. आमच्या लग्नानंतरची बरीच वर्षं तो पाण्यावर आणि मी जमिनीवर. गावात लोक म्हणत, जग हिंडलेला माणूस. तो रजेवर आला की मी माझ्या वर्गासाठी त्याच्याकडून शब्दांच्या गोष्टी काढून घ्यायची. पोरं विचारायची, बाई, वॉन्डर आणि रोम यांत फरक काय? मी स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे फारशी न गेलेली बाई, मी काय सांगणार डोंबल! म्हणून त्याला विचारायची. तो हसायचा. ‘बोट फिरली गो. मी खंय फिरलंय? मी खाली इंजिनात होतंय.’ त्याने अर्ध्या जगाची बंदरं इंजिनाच्या आवाजावरून ओळखली होती. बोट बंदराबाहेर जागेची वाट बघत इंजिन बंद करून नुसती वाहत राहते, त्याला ड्रिफ्ट म्हणतात, हे मला त्याने सांगितलं. तेवढा एक शब्द मी वर्गात छातीठोकपणे शिकवला.

निवृत्त होऊन तो कायमचा घरी आला आणि थोड्याच दिवसांत त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेल्यात जमा. तेव्हापासून मी सलग झोपलेली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नाही, तक्रार म्हणूनच सांगते. कशाला खोटं बोला? मला दुसरं काही नको होतं. देवदर्शन नको, लेकीच्या त्या डोंगरातली हवा नको. कोणीतरी त्याच्याजवळ बसावं आणि मी झोपावं, हाक न मारता मला झोपू द्यावं, एवढंच.

मदतीला बाई ठेवून पाहिली. ती शिमग्याला म्हणून गेली ती गेलीच. शेजारपाजारचे वाईट नाहीत हो. वाटेवरून जाता जाता विचारतात, ‘कसे आसत काका?’ मी म्हणते, ‘आसत.’ ते पुढे जातात. त्यांचीही कलमं, काजी, पोराबाळांच्या शाळा. दार लोटलं की ज्याचं आजारपण त्याच्याकडे. आम्ही सगळे असेच वागतो. शेजारणीचा सासरा आजारी होता तेव्हा मीही वाटेवरूनच विचारत होते.

पळणीच्या आधी मी मानकऱ्यांकडे गेले. म्हटलं, आम्हा दोघांना घरात राहू दे. दार बंद करून बसू, दिवा लावणार नाही, चूल पेटवणार नाही. ते वयाने माझ्याहून लहान, माझ्याच वर्गात शिकलेले. मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाईनू, माणूस, ढोर, कोंबडो, सगळ्यांनी भायर पडूक व्हया. एक जरी आत ऱ्हवलो तरी पळण मोडता.’

मला असा संताप आला! म्हटलं, ‘लुळा पडलेला माणूस तुमच्या देवाला वाटेत नडतो होय रे?’

मी तणतणत घरी आले आणि नवऱ्याला सगळं ऐकवलं. तो डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. आताशा तो ऐकतो की नाही ते कळत नाही, पण मला ऐकवायला दुसरं आहे कोण?

निघायच्या सकाळी वाडीतली चार तरणी पोरं आली. प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी वासे बांधले, त्यावर उशी, त्यावर नवरा, आणि छातीभोवती माझीच जुनी साडी गुंडाळून बांधली. ‘काकानू, घट्ट धरा हां,’ म्हणत उचलली पण खुर्ची. पुढे गुरं, मागे कोंबड्यांच्या टोपल्या, कोणाची मांजर पिशवीत ओरडत होती, आणि मधे माझा नवरा खांद्यांवर. लोक वाटेवर थांबून हसत होते. मला लाज वाटत होती आणि राग येत होता. मी चुलीत पाणी ओतलं, दाराला कडी घातली आणि औषधांची पिशवी घेऊन मागून चालू लागले.

शिवेवरचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला की पलीकडे काजूचा मळा आहे. तिथे आमच्या वाडीच्या राहुट्या. शेजारणीने आपल्या आणि आमच्या राहुटीमधे भिंत घातलीच नव्हती. वर एकच सलग झावळ्यांचं छप्पर. ‘झावळ्यो कमी पडल्यो,’ म्हणाली. खरं-खोटं देव जाणे.

दुपारची पेज झाली आणि ती मला म्हणाली, ‘बाईनू, तुमी निजा. मी आसंय हय.’

‘त्यांना कुशीवर करायचं असतं ग मधे मधे. तुला जमायचं नाही.’

‘सासऱ्याचा कोणी केला? मीच मां? निजा गप.’

मी पडले. पाच मिनिटं पडेन म्हटलं. उठले तेव्हा उन्हं उतरली होती आणि माझ्या गालावर चटईचे वळ होते. शेजारी अंथरूण रिकामं. मी अशी घाबरले की तशीच अनवाणी बाहेर धावले. नवरा काजूच्या झाडाखाली खुर्चीत बसला होता, अंगात धुतलेला सदरा, भांग पाडलेला. समोर चटईवर चौघे पत्ते खेळत होते आणि पाचवा तो. एकट्या डाव्या हाताने पत्ते धरून खेळता येत नव्हतं म्हणून एका पोराने ते खोबरं किसायच्या आडाळ्याच्या पाटाला चिमट्यांनी अडकवून त्याच्यासमोर उभे केले होते. तो बोटाने पत्ता दाखवायचा, पोरगा टाकायचा. आणि ती चारही माणसं उघड-उघड त्याला जिंकू देत होती. त्याला ते कळत होतं, आणि तो अर्ध्या तोंडाने हसत होता.

‘एवढा वेळ झोपू दिलंस मला?’ मी शेजारणीवर खेकसले. ‘उठवायचंस ना!’

‘कित्याक?’ ती म्हणाली. ‘निजलात ता बरा झाला.’

मी व्हाळावर तोंड धुवायला गेले आणि तिथे हुंदका आला. कसला, ते सांगता येणार नाही. घरी त्याच बाईचं दार माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे ती वाटेवरून विचारते आणि इथे, मधली भिंत नाही म्हटल्यावर, तिने सासऱ्यासारखं माझ्या नवऱ्याचं सगळं केलं होतं. मग मी घरी दोन वर्षं दार लावून कोणासाठी मरत होते, असं वाटलं.

त्या दिवसांत मी नुसती झोपले. लोक भजनं म्हणत होते, बाया फुगड्या घालत होत्या, पोरं व्हाळात कुर्ल्या पकडत होती, कोणीतरी स्पीकर लावून कानठळ्या बसवत होता, आणि मी त्या सगळ्यात मेल्यासारखी झोपत होते. जाग आली की कोणीतरी हातात चहा द्यायचं. नवरा कधी या राहुटीत असायचा, कधी त्या. कोणी दाढी केली, कोणी तेल चोळलं, कोणी खुर्चीसकट उचलून मोठ्या व्हाळावर नेला आणि पाय पाण्यात सोडून बसवला. मला विचारतही नव्हते.

मधेच लेकीचे मेसेज. एक्झोडस चालेल का? मायग्रेशन? रिच्युअल वॉन्डरिंग? मी झोपेतून उठून ते वाचायची आणि पुन्हा पडायची. पण शिक्षकाचं डोकं मेलं स्वस्थ बसतंय थोडंच? पडल्या पडल्या एकेक शब्द पळणीला लावून पाहायची. इंग्रजीत फिरणाऱ्या माणसांना किती शब्द, मोजदाद नाही. पण जरा खाजवून बघा. खिशात पैसे असले तर ट्रॅव्हलर, नसले तर व्हॅग्रंट, आणि मग पोलीस. सावकाश चाललात तर स्ट्रोल, पण गरीब माणूस तसाच उभा राहिला की लॉइटर, आणि त्याची मनाई करणारी पाटी. वॅगाबॉन्ड म्हटलं की पुरुषाची ऐट, आणि बाईला ट्रॅम्प म्हटलं तर शिवी. आपण तरी कुठे वेगळे आहोत? मला माहेरी दोन दिवस जास्त राहिले की सासू भटकभवानी म्हणायची, आणि तिचा मुलगा वर्षवर्ष येत नसे तो जग हिंडलेला.

शेवटच्या संध्याकाळी लेकीने व्हिडिओ कॉल केला. बाप पत्ते खेळताना दाखव म्हणाली. दाखवला. ‘आई ग, कसलं ऑथेंटिक आहे हे!’

‘तुझ्या बापाचा डाव ऑथेंटिक आहे होय? तो बनवाबनवी करतोय आणि सगळे त्याला करू देतायत.’

ती हसली. मग म्हणाली, ‘आणि शब्द? सुचला का तुला?’

माझा आवाज कसा चढला ते मलाच कळलं नाही. ‘नाही सुचत. तुझे ते सगळे शब्द एकेकट्या माणसाचे आहेत. वॉन्डरर एकटा, ड्रिफ्टर एकटा, तुझी ती नोमॅडसुद्धा एकटी. घर सोडलं म्हणजे माणसं सोडली, असंच धरून चालतात ते शब्द. इथे घर सोडलंय आणि माणसं सगळी बरोबर आहेत. कोंबड्यांसकट. घरी असते तेव्हा मी एकटी असते, कळतंय तुला? इथे बाहेर पडले तेव्हा नाही. ह्याला तुमच्याकडे शब्द असेल तर लिही, नसेल तर नको लिहू.’

ती लहान आवाजात म्हणाली, ‘आई, तू खूप दमलीयेस का?’

‘हो,’ मी म्हटलं.

इतक्या दिवसांत हे तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात येते. मी म्हटलं, बघ. फोन ठेवल्यावर मला तिचं वाईट वाटलं. पण झोपही आली, मग झोपले.

दुसऱ्या दिवशी कौल घ्यायचा होता. जुनी माणसं सांगतात, पूर्वी एकदा देवाने कौल दिला नाही आणि गावाला आणखी राहावं लागलं. लोक हे भीतीने सांगतात. मानकरी गावात देवळाकडे गेले, आम्ही शिवेवर वाट बघत उभे. इकडे एका म्हाताऱ्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां भायर ऱ्हवली, चुकला-माकला पोटात घाल, आणि घराक घे रे म्हाराजा!’ सगळे ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ मी हात जोडले होते, पण ओठ हलवले नाहीत. मनात म्हणत होते, नको देऊस. एवढ्यात नको. फिर आणखी थोडा, तुला कोण अडवतंय? गाव मोठा आहे, आमची परसं बघ, विहिरी बघ, दमेपर्यंत हिंड. मला इथे राहू दे.

कौल झाला. नगारा वाजला आणि सगळ्यांनी जी आरोळी ठोकली! पोरं नाचायला लागली. आणि मग घरची ओढ काय असते ते बघावं. एका क्षणात राहुट्या खाली, भांडी पोत्यात, गुरं दाव्यावरून सोडलेली, टेम्पो भरलेला. ज्या माणसांनी इतके दिवस कशाची घाई केली नाही त्यांना आता घटकाभर दम नव्हता. नवऱ्याची चादर सकाळीच खराब झाली होती. ती तशी ओली कुठे न्यायची म्हणून मी बादली घेऊन व्हाळावर उतरले. वाटलं, तोवर ती चार पोरं त्याला उचलतील, मी मागून जाईन.

चादर पिळून वर आले तर मळा रिकामा. विझलेल्या चुली, वाळक्या झावळ्या, एक विसरलेला टॉवेल. आणि काजूच्या झाडाखाली खुर्चीत माझा नवरा.

काय झालं ते मला लगेच कळलं. इतके दिवस तो सगळ्यांचा होता, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने घेतला. टेम्पोवाल्याला वाटलं पोरांनी उचलला. पोरांना वाटलं टेम्पोत गेला. शेजारणीला वाटलं बाई बरोबर आहेत. वाटेच्या वळणावर शेवटची माणसं अजून दिसत होती. हाक मारली असती तर पोचली असती. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. फोन कमरेलाच खोचलेला होता.

मी हाक मारली नाही. चादर फांदीवर वाळत घातली, त्याच्या पायाशी जमिनीवर बसले आणि डोकं त्याच्या चांगल्या मांडीवर टेकलं. त्याने डावा हात माझ्या केसांवर ठेवला. वाटेवरची बोलणी लांब लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली. मला वाटलं होतं रडू येईल. आली ती झोप.

मोटारसायकलींच्या आवाजाने डोळे उघडले. ती चारही पोरं, मागे शेजारीण पदर खोचून धावत येत होती, रडवेली. ‘बाईनू, चुकलंव! माफी करा! आमकां वाटला...’ एकजण तर माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, असू दे रे. त्यांनी भराभर वासे बांधले, साडी गुंडाळली, खुर्ची खांद्यावर घेतली.

‘चला बाईनू, घराक,’ शेजारीण म्हणाली.

‘थांबा जरा,’ मी म्हटलं.

त्यांना वाटलं माझं काही राहिलं असेल. शेजारणीने चादर काढून घडी केली, औषधांची पिशवी हातात घेतली, बादली उचलली, तो टॉवेलसुद्धा घेतला. पोरं नवऱ्याला खांद्यांवर घेऊन उभी होती. ‘आता काय ऱ्हवला?’ तिने विचारलं. काहीच राहिलं नव्हतं. ‘थांबा ग,’ मी पुन्हा म्हटलं आणि होते तिथेच खाली बसले.